ऐकण्याचा अभ्यासक्रम

दिवाळी अंकातील टीकालेखाचा एक ठरलेला रिवाज आहे. एखादी गाजलेली कादंबरी घ्यावी, तिच्यातील चार गुण व दोन दोष सांगावेत, आणि वाचकाला पुन्हा चकलीच्या डब्याकडे मोकळे सोडावे. यंदा हा रिवाज मी मोडणार आहे. वाचकांनी क्षमा करावी. ज्या लिखाणाविषयी मी लिहिणार आहे त्याला ग्रंथ म्हणता येणार नाही. तो समुपदेशन मानसशास्त्रातील एम.ए.चा अभ्यासक्रम आहे. छापील कागदांची चळत, कोपऱ्यात टाचलेली, आणि सारी इंग्रजीत.

मी स्वतः मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. एम.ए.च्या अभ्यासक्रमावर टीका करण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु ही चळत माझ्याकडे चालत आली. आमच्या एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांखाली बरीच कुटुंबे ठेकेदारीच्या कामावर जगतात. त्यांतल्या एका वायरमनची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली. एका रविवारी सकाळी आली आणि म्हणाली, "सर, यातलं मराठीत थोडं लिहून द्याल? मला कळतं, पण मी काय शिकणार ते आईला सांगता येत नाही. मी 'समुपदेशन' म्हटलं तर आई म्हणते, समजावून सांगायचं ना? ते तर आपल्या गल्लीत सगळेच फुकट करतात."

आईच्या या एका वाक्यात या विषयाची निम्मी अडचण आली आहे, असे मला वाटते. तिचा दोष नाही. दोष शब्दाचा आहे. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, आणि त्याला 'सम्' हा उपसर्ग लावून आपण तो अधिकच भारदस्त केला आहे. ज्याने हा शब्द प्रथम योजिला त्याच्यापुढे अडचण असेल. 'सल्ला' म्हणावे तर वकिलाची आठवण होते, 'मार्गदर्शन' म्हणावे तर दहावीच्या गाईडची. परंतु नाव पडले की अपेक्षा ठरते. समुपदेशकाकडे जाणारा माणूस उपदेश ऐकावयाच्या तयारीने जातो, आणि समुपदेशक होऊ पाहणारा तरुण तो देण्याच्या तयारीने.

उपदेशाची आपल्याला मुळीच वाण नाही. कीर्तनाच्या उत्तररंगापासून शाळेच्या परिपाठापर्यंत आपण तो ऐकत आलो. मनाच्या आरोग्यावरील व्याख्यानांत तर हटकून अर्जुनाचा दाखला येतो: रणांगणावर तो खचला आणि श्रीकृष्णाने त्याला सातशे श्लोकांत उभे केले. मला या दाखल्यात दोन गोष्टी नेहमी राहून गेलेल्या दिसतात. पहिल्या अध्यायात बोलतो तो अर्जुन. श्रीकृष्ण त्या सबंध अध्यायात जेमतेम एकदा तोंड उघडतो. आणि अठराव्या अध्यायात, सारे सांगून झाल्यावर, तो निर्णय अर्जुनावर सोपवतो. विचार कर आणि तुला वाटेल तसे वाग म्हणतो. व्याख्याते मधले सोळा अध्याय सांगतात. ऐकणे आणि सोपवणे या दोन्ही टोकांचा त्यांना विसर पडतो.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी मास्तर आहे. उपदेश हा माझा धंदा. काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत रेंगाळला. ब्रश धुऊन झाले, बाटल्या भरून झाल्या, तरी तो जाईना. शेवटी म्हणाला, "सर, घरी जावंसं वाटत नाही." मी त्याला बसवले आणि वीस मिनिटे बोललो. आईवडिलांचे कष्ट, वयाचे दोष, अभ्यासाचे महत्त्व, माझे स्वतःचे बालपण, काही राहिले नाही. चांगले बोललो असे त्या वेळी मला वाटलेही. तो "हो सर" म्हणाला आणि गेला. पुन्हा कधी थांबला नाही. पुढल्या वर्षी त्याच्या वडिलांचे काम सुटले आणि कुटुंब गाव सोडून गेले. त्याला त्या दिवशी काय सांगावयाचे होते, ते मला आजही ठाऊक नाही. माझ्या वीस मिनिटांत त्याचे एक वाक्य होते, आणि तेही मी पुरे होऊ दिले नव्हते.

म्हणून अभ्यासक्रम हाती आल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो कादंबरीकाराचा. ऐकणारा माणूस आपल्या कलाकृतींत कोठे आहे? दुःख भोगणारा माणूस मराठी लेखकाने पुष्कळ रंगवला. त्याचे ऐकणारा कोणी रंगवला आहे काय? तीन कलाकृती डोळ्यांपुढे आल्या.

पहिली हिंदीतली, परंतु दिग्दर्शिका पुण्याच्या: गौरी शिंदे यांचा २०१६ सालचा 'डिअर जिंदगी'. गोव्याला एक तरुण मुलगी मनोपचारकाकडे जाते. शाहरुख खान यांचा हा डॉक्टर देखणा, मिश्कील, वाक्यावाक्याला टाळी घेणारा. तो मुलीला समुद्रावर नेतो, लाटांशी कबड्डी खेळतो, खुर्च्यांचा दृष्टान्त देऊन माणसे पारखण्याची गोष्ट सांगतो. हा आपला जुना कीर्तनकारच आहे. फक्त कपडे बदलले. चित्रपटात खरे समुपदेशन मला एकाच ठिकाणी दिसले, ते शेवटी. मुलीचा जीव त्याच्यावर जडतो आणि ती तसे सांगते. तो तिला लाजवीत नाही, आणि मान्यही करीत नाही. असे होणे स्वाभाविक आहे म्हणतो, आणि आपले नाते येथे संपते हे तिला कळू देतो. हे सुचायला नुसता स्वभाव पुरत नाही. ते शिकावे लागते. प्रेक्षकांच्या ध्यानात मात्र कबड्डी राहिली.

दुसरा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. त्याला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. स्वतःला संपवू पाहणारा एक तरुण जानकीला भेटतो. ती त्याला कोकणातल्या घरी नेते, जेवू घालते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावीत नाही. गप्प राहणे म्हणजे काय, हे इरावती हर्षे यांनी या भूमिकेत दाखवले आहे, आणि मराठी पडद्यावर ते दुर्मिळ आहे. सुमित्रा भावे यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण घेतले होते व पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केले होते. निर्मितीत सहभागी असलेले व दत्ताभाऊंची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. हे ज्ञान चित्रपटाच्या हाडात मुरले आहे. तरीही माझी एक तक्रार आहे. जानकी स्वतः नैराश्यातून उपचार घेऊन आलेली आहे, आणि त्या उपचारातून ती ऐकायला शिकली. पण ही शिकवणी पडद्याच्या कडेला राहते. घरी परतताना प्रेक्षक समुद्र घेऊन जातो, मोठे घर आणि मोकळा वेळ घेऊन जातो. एकलहऱ्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बापाने आपल्या मुलासाठी समुद्र कोठून आणावा?

तिसरे पुस्तक अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट'. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तेथे समुपदेशक म्हणून उभी राहिली. तिन्हींमध्ये हे मला सर्वांत जवळचे. येथे बरे होणे एका दृष्टान्ताने घडत नाही. माणूस सुटतो, पुन्हा पितो, पुन्हा परत येतो; काम रोजचे आणि कंटाळवाणे आहे. परंतु अवचटांचा माणसांवर इतका लोभ, की वाचक माणसांतच गुंततो. त्या घराचा कणा असलेल्या डॉ. सुनंदा (अनिता) अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता, हे तो वाचतो आणि विसरतो. मायेने झाले, असे म्हणून पुस्तक मिटतो. माया होतीच. तिच्यामागे विद्या होती.

तिन्ही ठिकाणी मला हेच दिसले. ऐकणे हा आपल्याला स्वभावाचा गुण वाटतो, गळ्यासारखा देवाने दिलेला. गळ्यालाही रियाज लागतो हे आपण गाणाऱ्याच्या बाबतीत मानतो. ऐकणाऱ्याच्या बाबतीत मानीत नाही. तो रियाज मला प्रथम भेटला त्या टाचलेल्या कागदांत.

दोन वर्षे, चार सत्रे. मनोविकारांची लक्षणे, मनोमापनाच्या चाचण्या, संशोधन आणि त्यासाठी संख्याशास्त्र, उपचाराच्या निरनिराळ्या पद्धती. हे सारे अपेक्षितच होते. मी थबकलो तो कौशल्यांच्या सरावापाशी. तिघा-तिघांचे गट करावयाचे. एकाने आपली खरी, पण झेपेल एवढीच अडचण सांगावयाची, दुसऱ्याने ऐकावयाचे, तिसऱ्याने केवळ पाहावयाचे: ऐकणाऱ्याने कोठे वाक्य तोडले, कोठे घाईने धीर दिला, कोठे शांतता असह्य होऊन मधेच प्रश्न विचारला. पुढे खऱ्या माणसांबरोबर काम सुरू झाले की त्यांच्या संमतीने झालेले संभाषण शब्दशः लिहून काढावयाचे आणि वरिष्ठ मार्गदर्शकापुढे ठेवावयाचे. मार्गदर्शक ओळीओळीला विचारणार: हे वाक्य तुम्ही कोणासाठी बोललात? त्याच्यासाठी, की तुमची अस्वस्थता घालवण्यासाठी?

कादंबरीकार म्हणून मी हे पान तीनदा वाचले. संवाद लिहिण्याची याहून कडक शाळा मी पाहिलेली नाही. तिचा एक जनक अमेरिकेतला कार्ल रॉजर्स. टेपरेकॉर्डर घरोघरी येण्यापूर्वी त्याने उपचाराची संभाषणे तबकड्यांवर मुद्रित करविली, आणि १९४२ सालच्या आपल्या पुस्तकात एका माणसाच्या आठ भेटींचा शब्दशः वृत्तांत छापला. माणसाचे नाव अर्थात बदलून. त्याआधी उपचारक आपल्या आठवणीतून लिहीत, आणि आठवणीत प्रत्येकजण शहाणाच बोललेला असतो. माझी ती वीस मिनिटे कोणी तबकडीवर घेतली असती तर ती मला ऐकवली नसती.

दुसरे पान गुपिताचे. ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही, हे आपल्याला वाटते तेवढे सोपे नाही. जिवाला धोका असेल तर गुपित राखावयाचे नसते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. हे समोरच्याला आरंभीच सांगावे लागते, मुलालासुद्धा, त्याला समजेल अशा शब्दांत. मी कोणाला कधी हे सांगितले नव्हते. "तू बिनधास्त बोल, मी कोणाला सांगणार नाही," असे मात्र अनेकदा म्हटले होते.

मुलीचे वडील एकदा तिला न्यायला आले असता मी हे त्यांना वाचून दाखवले. माणसांचे दुःख रोज ऐकून ऐकणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न निघाला. ते म्हणाले, "सर, अर्थिंगची पट्टी नुसती जमिनीत खुपसून चालत नाही. खड्डा घ्यावा लागतो, कोळसा-मीठ भरावं लागतं, उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. खड्डा कोरडा पडला तर शॉक हात लावणाऱ्याला बसतो." अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत चार पानांत जे सांगितले आहे, ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितले.

आता दोष. टीकाकाराने नुसती स्तुती केली तर संपादक मानधन कापतात.

पहिला दोष भाषेचा. पुस्तके इंग्रजी, उदाहरणांतील माणसे परदेशी, सरावही बहुतेक इंग्रजीत. आणि पुढे या मुलीसमोर बसणार कोण? "जिवाला घोर लागलाय" म्हणणारी बाई, "डोकं जड झालंय" म्हणणारा कामगार, खानदेशातून आलेली, अहिराणीत रडणारी आजी. "मन उडालं" आणि "जीव लागत नाही" यांत जो फरक आहे तो कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी मनाच्या किती तऱ्हा सांगितल्या. १९५२ साली त्यांचा काव्यसंग्रह निघाला तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. मनाची ही आपली बोली समुपदेशकाच्या शाळेत शिकवली पाहिजे. तेथे मराठी कथाकादंबरी परीक्षेसाठी लावू नये. कान तयार व्हावा म्हणून लावावी.

दुसरा दोष अभ्यासक्रमाच्या बाहेरचा आहे, पण मुलीच्या आयुष्यात तोच मोठा. शिकल्यानंतर ती कोण? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ता यांच्या व्याख्या आहेत. समुपदेशकाला स्वतंत्र व्याख्या नाही. पुढे २०२१ सालच्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांना व काही प्रकारच्या समुपदेशकांना अनुसूचीत घेतले. मग २०२५चा जुलै महिना उजाडला. २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. कायदा होईपर्यंत ही सूचना बंधनकारक. आणि त्याच जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण बंद केले. म्हणजे एका हाताने हजारो खुर्च्या मांडल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे जाणारी एक वाट मिटवली. माझी विद्यार्थिनी त्याच वाटेने निघणार होती.

आयोगाचे म्हणणे मला पटते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोहणे टपालाने शिकता येत नाही. वर वर्णिलेला तिघांचा सराव, ओळीओळीची ती उलटतपासणी, ही घरबसल्या व्हावयाची नाहीत. आणि अर्धवट शिकलेल्या समुपदेशकाने काय होते त्याचा नमुना मी स्वतः आहे. परंतु टपाल बंद केले तर नदी जवळ आणावी की नाही? नाशिकला मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. सबंध राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. या दोघांच्या गावात पॉवर हाऊसच्या वायरमनच्या मुलीला परवडेल, बसने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल, आणि माणसांपुढे बसून मराठीत शिकता येईल, असा वर्ग हवा. हे मागणे फार मोठे आहे असे मला वाटत नाही. प्रांतातल्या एका शहरात ही विद्या राहिली तर ती त्या शहराच्या दुःखापुरतीच राहील.

माझे मराठी भाषांतर बारा पानांचे झाले. 'समुपदेशन' हा शब्द मी ठेवला, कारण तो आता सरकारी कागदांत रुजला आहे. मात्र पहिल्याच पानावर खाली लिहिले, की येथे उपदेश करावयाचा नसतो. मुलीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. आई स्वयंपाक करता करता ऐकत होती. संपल्यावर तिने विचारले, "आणि ही दिवसभर लोकांचं ऐकणार, मग हिचं कोण ऐकणार?" मी तिला मार्गदर्शकाचे पान पुन्हा काढून दाखवले. ती म्हणाली, "हे असेल तर ठीक आहे." मुलगी सध्या एका औषधांच्या दुकानात काम करते आणि पुण्या-मुंबईच्या नियमित वर्गांच्या प्रवेशपरीक्षांचा अभ्यास करते. वसतिगृहाचे पैसे कसे उभे राहतील याचा हिशेब त्या घरात रोज रात्री होतो.

मी समुपदेशक नाही आणि होणारही नाही. चित्रकलेच्या खोलीत फळ्याच्या कोपऱ्यात 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मी रंगीत खडूने लिहून ठेवला आहे. तो केव्हाही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. आणखी एक सवय लावून घेण्याची खटपट चालू आहे. कोणी ब्रश धूत रेंगाळले तर मीही दुसरा ब्रश घेऊन धुवू लागतो आणि तोंड बंद ठेवतो. परवा आठवीतल्या एका मुलीपाशी असा उभा होतो. नळ चालू होता. तिने चार ब्रश धुतले, पाचवा घेतला, आणि मग बोलू लागली. मधे दोनदा मला सुंदर दाखले सुचले. ते मी गिळले, तिचे बोलणे संपेपर्यंत.